डोंगरउतारावर जंगली टर्कीची शिकार: वेस्ट व्हर्जिनियात पहिल्यांदा जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

डीसी, मेरिलँड, व्हर्जिनिया भागातल्या मराठी मंडळींकडून, त्यातही सह्याद्रीत भरपूर भटकून आलेल्यांकडून, दर वर्षी थंडी संपत आली की हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. हे सगळं वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ पट्ट्याबद्दल, म्हणजे मोनोंगहेला नॅशनल फॉरेस्ट आणि आजूबाजूच्या रानाबद्दल आहे, आणि फक्त स्प्रिंग सीझनबद्दल. सपाट शेतांच्या कडेला बसून केलेली शिकार वेगळी, तिथले नियम इथे आणू नका.

थँक्सगिव्हिंगला दुकानात मिळते तीच का ही टर्की?

मूळ जात एकच, पण दोघांचा स्वभाव आणि शरीर बघितलं तर पटणार नाही. दुकानातली टर्की मेक्सिकोत माणसाळवलेल्या पक्ष्यांच्या वंशातली आहे. इथल्या डोंगरात असते ती ईस्टर्न उपजात. मोठा नर साधारण १६ ते २४ पौंडांचा, मादी ८ ते १०. पळायला लागला तर ताशी २५ मैलांपर्यंत पळतो, आणि एवढा जड असून थोड्या अंतरासाठी ताशी ५५ मैलांनी उडू शकतो. डोळे दोन बाजूंना असल्यामुळे डोकं न हलवता त्याला आजूबाजूचं बहुतेक सगळं दिसतं, मान जराशी वळवली की पूर्ण गोल, आणि रंगही चांगले कळतात. ऐकायलाही तेवढाच तीक्ष्ण. फक्त नाक कमजोर, त्यामुळे हरणाच्या शिकारीत वाऱ्याची दिशा बघायची जी सवय असते ती इथे वासासाठी लागत नाही. इथे वारा बघायचा तो आवाजासाठी.

हे पक्षी मध्यंतरी संपत आले होते म्हणतात, ते खरं का?

हो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जंगलं सरसकट तोडली गेली, शिकारीला धरबंध नव्हता, आणि पूर्वेकडच्या कितीतरी राज्यांतून टर्की पार नाहीशी झाली. वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्वेकडच्या उंच रांगांमध्ये थोडे पक्षी टिकून राहिले, कारण तिथे पोचणंच अवघड होतं. नंतर पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून बघितले पण ते रानात टिकले नाहीत, मग १९५० च्या दशकापासून तोफेसारखी जाळी उडवून खरे जंगली पक्षी पकडायचे आणि दुसऱ्या डोंगरात नेऊन सोडायचे असं सुरू झालं, आणि त्याने काम झालं. पैसा मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांकडूनच आला: १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नियम पाळणं म्हणजे नुसता दंड टाळणं नाही, हा पक्षी परत येण्यामागे लोकांची आख्खी हयात गेली आहे.

मी एच-वन-बी वर आहे, मला बंदूक घेता येते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात चूक परवडत नाही. फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं चालू हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली तर तो गुन्हा होतो, आणि त्याचा परिणाम थेट इमिग्रेशनवर. मित्राची बंदूक "फक्त हातात धरली" हेसुद्धा बाळगणंच. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. राज्याराज्याचे नियम वरून वेगळे असतात, त्यामुळे व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि मगच दुकानात पाऊल टाका. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष बंदुकीशिवाय जा, अनुभवी माणसाच्या बाजूला बसा, ऐका, डोंगर शिका. निम्म्याहून जास्त विद्या तिथेच आहे.

लायसन्स, सीझन, वेळा?

१ जानेवारी १९७५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे लायसन्स काढण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. बाहेरच्या राज्यातून येत असाल तर लायसन्स वेगळं, आणि नॅशनल फॉरेस्टमध्ये शिकार करायला वेगळा स्टॅम्प. स्प्रिंग सीझन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. रोजची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी १ पर्यंत. सीझनला दोन दाढीवाले पक्षी, एका दिवसात एकच. दाणे टाकून बोलवायचं नाही, रेकॉर्ड केलेले किंवा इलेक्ट्रॉनिक आवाज वाजवायचे नाहीत. नियम बदलतात, म्हणून राज्याच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचल्याशिवाय निघू नका.

स्प्रिंगमध्येच का? हा तर विणीचा काळ ना?

बरोबर, आणि म्हणूनच फक्त नर; मादीचा आवाज काढून त्याला जवळ बोलवायचं, हीच ही शिकार. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्याचा अंडी उबवण्यात किंवा पिल्लांत काही भाग नसतो. मादी जमिनीवर साध्या खळग्यात साधारण १० ते १२ अंडी घालते आणि २८ दिवस उबवते. सीझन अशा बेताने ठेवतात की बहुतेक माद्यांचं जुगणं आधीच होऊन गेलेलं असावं.

दाढीवाला म्हणजे नक्की कुठला?

छातीतून केसांच्या झुबक्यासारखं लोंबतं ती दाढी. मोठ्या नराचं डोकं लाल-पांढरं-निळं, अंग काळपट आणि उन्हात तांब्यासारखं चमकणारं, पायाच्या मागे टोकदार काटा. एक वर्षाचा नर असेल तर दाढी आखूड, आणि पिसारा फुलवला की मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब दिसतात. काही माद्यांनाही दाढी येते, इथे कायद्याने ती मारता येते, पण मारू नका. अंड्यांवरची मादी गेली की आख्खं घरटं जातं.

एवढ्या मोठ्या डोंगरात पक्षी शोधायचा कुठे?

आता खरा विषय. नकाशा उघडा, कंटूर रेषा असलेला, आणि सह्याद्रीत वाट शोधताना जसं बघता तसंच बघा: धार कुठे, सोंडा कुठे उतरतात, खिंड कुठे, घळी कुठे, आणि उतारावर मध्येच सपाट पट्टा म्हणजे पदर कुठे आहे. टर्कीला चढायला काही वाटत नाही, पण दिवसभर तिरक्या उतारावर राहायला तिला आवडत नाही. नराला पिसारा फुलवून मिरवायला सपाट, थोडी मोकळी जागा लागते, म्हणजे पदर, रुंद धार, खिंड, जुन्या लाकूडतोडीच्या गाडीवाटा, लाकडं गोळा करायची जुनी मैदानं, वनखात्याने राखलेले गवताचे तुकडे. तीव्र उतारावर जिथे कंटूर रेषा अचानक लांब लांब होतात तिथे खूण करा.

रात्री ते झाडावर बसतात. साधारणपणे उताराच्या वरच्या एक तृतीयांश भागात, वारा लागणार नाही अशा बाजूला, सोंडेच्या टोकाजवळ किंवा घळीच्या माथ्याला. त्यामागचं कारण समजून घेतलं की शोधणं सोपं जातं: उतारावरच्या झाडाच्या फांदीवरून वरच्या बाजूची जमीन जवळ असते, त्यामुळे सकाळी थोडक्यात उतरता येतं, आणि खालच्या बाजूला सगळा दरीचा मोकळा भाग, धोका वाटला की पंख पसरून निसटायला. म्हणून सकाळी बऱ्याचदा ते चढाच्या बाजूला किंवा शेजारच्या पदरावर उतरतात. झाडाखाली विष्ठा आणि पिसं सापडली तर ती वस्तीची जागा. नराची विष्ठा जे आकाराची, मादीची गोल गुंडाळी.

दिवसा खायला ओकच्या झाडाची फळं शोधत पाचोळा उकरतात. उकरलेल्या पाचोळ्याचा ढीग त्यांच्या मागच्या बाजूला पडतो, म्हणजे कुठे चालले होते ते कळतं. आणि एप्रिलमध्ये लक्षात ठेवा, खाली दरीत पालवी आलेली असते तेव्हा स्प्रूस नॉबच्या बाजूला (४,८६३ फूट, राज्यातलं सगळ्यात उंच टोक) अजून हिवाळाच असतो. पहिल्या आठवड्यात मी खालच्या सोंडांवर जोर देतो आणि मे लागला की हळूहळू वर सरकतो.

पहाटे गॉबल, म्हणजे नराची आरोळी, ऐकू आला, आता काय?

धावत सुटू नका. आधी दोन-तीनदा ऐका आणि नकाशावर त्याची उंची ठरवा. दिशा सगळेच बघतात, उंची कोणी बघत नाही, आणि डोंगरात उंचीनेच निकाल लागतो. तुम्ही त्याच्याच उंचीवर किंवा थोडे वर असायला हवं. वर किंवा आडवं यायला नर पटकन तयार होतो, खाली तीव्र उतारावर यायला बहुतेक वेळा नाही म्हणतो, कारण वरून त्याला सगळं दिसतं आणि मादी दिसत नसेल तर तो उतरत नाही. तेव्हा त्याच्या खाली असाल तर लांबचा वळसा घ्या, दम लागला तरी चालेल, पण सोंडेआड राहून वर चढा.

धार ओलांडताना आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहिलात की संपलं. माथ्याच्या थोडं खालून, पलीकडच्या अंगाने चाला. दीड-दोनशे यार्डांवर आलात की थांबा. पानं अजून फुटली नसतील तर त्याहून लांबच थांबा, तेव्हा रान आरपार दिसतं.

आणि मध्ये घळ किंवा ओढा असेल तर तिकडून बोलावत बसू नका. कधीकधी येतो, पण बहुतेकदा काठावर उभा राहून तासभर ओरडत राहतो आणि निघून जातो. तो ज्या अंगाला आहे त्याच अंगाला तुम्ही जायचं.

आवाज नेमका कुठून येतो तेच कळत नाही.

दरीत घुमतो म्हणून. समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज ऐकून माणूस चुकीच्या डोंगरावर चढतो. घळीच्या तळाशी उभं राहून कानोसा घेऊ नका, सोंडेच्या टोकावर या, तिथे कमी फसवणूक होते. पक्षी झाडावरच असेल आणि तोंड पलीकडे असेल तर आवाज दूरचा वाटतो, तोंड वळवलं की अचानक जवळचा. पालवी दाट झाली की सगळेच आवाज दबतात, म्हणजे मे मध्ये जो लांब वाटतो तो तुमच्या अंदाजापेक्षा जवळ असतो.

बसायची जागा कशी निवडायची?

या सगळ्या पानातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. अशी जागा बघा की पक्षी पहिल्यांदा दिसेल तेव्हाच तो टप्प्यात असेल. सपाट रानात शंभर यार्डांवरून त्याला तुमची जागा दिसते, मादी कुठे आहे ते तो शोधतो, दिसत नाही, आणि तो थांबतो. डोंगर तुम्हाला हा प्रश्न फुकटात सोडवून देतो. पदराच्या आतल्या बाजूला, कडेपासून पंचवीस-तीस यार्ड मागे बसा. तो खालून चढत येणार, मादीचा आवाज ऐकतोय पण कडेच्या वर डोकं काढल्याशिवाय त्याला काहीच दिसत नाही, आणि डोकं वर आलं की तो बरोबर तुमच्या समोर. गाडीवाटेचं वळण, धारेचा उंचवटा, खिंडीच्या बाजू, सगळीकडे हेच तत्त्व. मी अनेकांना सुंदर कॉल (मादीचा आवाज काढायचं साधन) वाजवून हात हलवत परत येताना पाहिलंय आणि जेमतेम यल्प, म्हणजे मादीची साधी हाक, काढता येणाऱ्यांना जागेच्या जोरावर पक्षी मिळताना पाहिलंय.

झाड खांद्यांपेक्षा रुंद हवं, पाठ पूर्ण झाकेल असं. उताराकडे तोंड करून बसलात तर घसरायला होतं, टाचांना आधार मिळेल असं मूळ किंवा दगड शोधा. उजव्या हाताने बंदूक चालवत असाल तर डावा खांदा पक्षी यायच्या दिशेला, कारण डावीकडे वळणं सोपं, उजवीकडे अवघड. बसायला जाड गादी घ्या. टोचायला लागलं की माणूस हलतो, आणि हललेलं त्याला दिसतंच.

कॉल कुठला घ्यायचा, किती वाजवायचा?

सुरुवातीला बॉक्स कॉल किंवा स्लेट. लाकडी बॉक्स कॉलचं पेटंट १८९७ मध्ये आर्कान्सातल्या हेन्री गिब्सनला मिळालं आणि अजूनही त्याच्याइतकं सोपं काही नाही, डोंगरात वारा असेल तर त्याचा आवाज लांब पोचतो. पक्षी जवळ आल्यावर मात्र हात हलवता येत नाहीत, तेव्हा तोंडात धरायचा डायफ्राम लागतो, तो गाडीत येता-जाता महिनाभर शिका. साधा यल्प, क्लक आणि हलका पर्र, मादीच्या या तीन आवाजांवर सीझन निघतो. पहाटे जागा कळण्यासाठी घुबडाचा आवाज, नंतर कावळ्याचा, त्यावर नर दचकून गॉबल देतो. उत्तर देत जवळ येत असेल तर गप्प बसा. तीक्ष्ण एकेरी "पट्" ऐकू आला तर त्याने तुम्हाला ओळखलंय.

तो ऐंशी यार्डांवर येऊन अडकून बसला, पुढेच येत नाही.

आधी विचार करा मध्ये काय आहे: पडलेलं झाड, तारेचं कुंपण, छोटी घळ, लॉरेलची दाट झुडपं? असेल तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. नसेल तर पूर्ण गप्प राहा, वीस-तीस मिनिटं. तो लांब गेल्याची खात्री झाली आणि मध्ये डोंगराचा उंचवटा असेल तरच सरका, परत त्याच्याच उंचीवर. त्याच्या अंगावर रांगत जाऊ नका. एक तर तो बुजतो, आणि दुसरं, त्या आवाजावर दुसराही माणूस येत असू शकतो.

सकाळी सातनंतर सगळं शांत झालं, घरी जायचं का?

अजिबात नाही. सकाळी नर माद्यांबरोबर असतात, तुमच्याकडे का येतील? साडेनऊ-दहानंतर माद्या घरट्यांकडे सरकतात आणि नर एकटे पडतात. तेव्हा धारेवरून हळू चालत, दर दोन-अडीचशे यार्डांना दोन्ही बाजूंच्या घळींत थोडं बोलवून बघा. बोलवण्याआधी बसायला झाड हेरून ठेवा, कारण कधीकधी उत्तर साठ यार्डांवरून येतं.

बंदूक, छर्रे, अंतर?

बारा किंवा वीस गेजची शॉटगन, फुल किंवा त्याहून घट्ट चोक (नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा). डोंगर चढायचाय म्हणून माझा कल वीसकडे, वजनाला हलकी. शिशाचे ४, ५, ६ नंबरचे छर्रे चालतात, टंगस्टनचे महाग पण बारीक आणि जड. नेम डोकं-मानेवर. कागदावर आधी मारून बघा आणि चाळीस यार्डांच्या पुढे मारू नका. उतारावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून बसल्या बसल्या रेंजफाइंडरने दोन-चार झाडं मोजून ठेवा. खालच्या दिशेने मारताना गाल बंदुकीवरून उचलला जातो आणि छर्रे वरून जातात, तेव्हा गाल घट्ट.

धोका किती आहे?

टर्कीच्या सीझनमध्ये सगळ्यात मोठा धोका म्हणजे दुसरा शिकारी, कारण सगळे कॅमोफ्लाजमध्ये आणि सगळे मादीचा आवाज काढतायत. लाल, पांढरा, निळा, काळा रंग अंगावर नको, रुमाल आणि मोजेसुद्धा नाही. कोणी दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला. डिकॉय, म्हणजे नकली टर्की, पिशवीतून न्या, मारलेला पक्षी नारिंगी कापडात गुंडाळून आणा. दाढी स्पष्ट दिसल्याशिवाय आणि मागे काय आहे ते कळल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

डोंगराचा वेगळा नियम: हात टेकून चढायची वेळ आली, ओढा ओलांडायचाय, पडलेल्या झाडावरून जायचंय, तर आधी काडतुसं बाहेर काढा. नुसती सेफ्टी पुरत नाही. घसरून पडलात तर नळीत माती गेली नाही ना हे बंदूक रिकामी करून बघा.

टिक्स, साप, अस्वलं?

टिक्स म्हणजे गोचीड, ही खरी काळजी, लाइम रोग इथे आहे. कपड्यांवर आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, ते अंगावर लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओलं असताना तिच्यापासून लांब ठेवा. घरी आलात की काखा, जांघा, केस नीट तपासा. मे मध्ये ऊन तापलं की दगडांवर रॅटलस्नेक आणि कॉपरहेड असतात, हात बघून टेका. काळी अस्वलं सहसा स्वतःच निघून जातात.

आणि फोनवर विसंबू नका. ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीसाठी १९५८ पासून सुमारे १३,००० चौरस मैलांचा नॅशनल रेडिओ क्वाएट झोन आहे, या पट्ट्यात मैलोनमैल सिग्नल नसतो. नकाशा ऑफलाइन उतरवा, कागदीही घ्या, कुठल्या सोंडेवर जाताय आणि किती वाजता परत येणार ते घरी लिहून ठेवा.

पाऊस-वारा असेल तर?

पावसात ते मोकळ्या गवतावर येतात. जोराचा वारा असेल तर धार सोडा आणि आडोशाच्या घळींत, खालच्या पदरांवर शोधा. विजा असतील तर गाडीत बसा.

घरचे विचारतात, जीव कशाला मारायचा?

विचारायलाच हवं. आपण चिकन खातो तेव्हाही जीव जातो, फक्त ते आपल्याला बघावं लागत नाही. मी जे मारतो ते खातो, टाकत नाही, आणि खात्री नसेल तर मारत नाही. ज्याला हे पटत नाही त्याने बंदूक न घेता पहाटे गॉबल ऐकायला जरूर यावं, त्यात काही कमीपणा नाही. आणि भारतात हे करता येईल का म्हणाल तर नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि जंगली टर्की तिकडे नाहीच.

मारल्यानंतर काय?

लगेच जा, पाय धरा, पंखांची झटापट थांबू द्या. पक्षी उतारावरून गडगडत खूप खाली जाऊ शकतो, त्यामुळे मारायच्या आधी खाली काय आहे ते बघून ठेवा. गेम चेक, म्हणजे मारलेल्या पक्ष्याची राज्याकडे नोंद, ऑनलाइन किंवा फोनवर मुदतीत करावाच लागतो. ऊन असेल तर आतडी तिथेच काढा आणि सावलीत थंड होऊ द्या, वीस पौंड पाठीवर घेऊन दोन तास उतरायचं असतं.

शिजवायचं कसं?

आख्खी भाजू नका, कोरडी होते. छातीचं मांस वेगळं, पाय वेगळे. छातीचे पातळ काप करून आलं-लसूण, दही, हळद लावून रात्रभर ठेवा आणि तव्यावर थोडकं परता, जास्त शिजवलं की चिवट. पाय मात्र डोंगर चढलेले असतात, त्यांना कुकर हवा, आणि शिट्ट्या कोंबडीपेक्षा बऱ्याच जास्त. मग हाडं काढून मांस काळ्या मसाल्याच्या रश्श्यात, सोबत भाकरी. एप्रिल-मे मध्ये त्याच रानात रॅम्प्स म्हणजे जंगली कांदा-लसणासारखी पानं मिळतात, ती बारीक चिरून शेवटी घाला. आणि जेवायला बसण्याआधी मांसातले छर्रे बोटांनी चाचपून काढा, मुलांच्या ताटात वाढताना तर दोनदा.